गंजलेला पाइप आणि मूक परवानगी : एका खासगी रस्त्यावरच्या अपघाताचं प्रकरण

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या ईशान्येला, क्वेबेकच्या हद्दीजवळ व्हर्जिनियाटाउन नावाचं छोटं खाणगाव आहे. केर-अ‍ॅडिसन ही सोन्याची खाण तिथे १९३८ पासून १९९६ पर्यंत चालली. खाणीच्या भोवताली कंपनीची प्रचंड जमीन होती. त्यात जंगल होतं, उघडा माळ होता, आतले रस्ते होते. एवढ्या जमिनीला कुंपण घालणं शक्यच नव्हतं. तिकडे हिवाळ्याचे कित्येक महिने सगळं बर्फाखाली असतं आणि १९६० च्या दशकात त्या बर्फावर एक नवं वाहन आलं : स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मोटारसायकलसारखं हँडल. बसणाऱ्याचं डोकं आणि छाती पूर्ण उघडी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण त्या उंचीवर घडलं.

खाणीला सुरुंग लागतात, सुरुंगांना स्फोटकं लागतात आणि स्फोटकांचं कोठार कामाच्या जागेपासून लांब ठेवावं लागतं. कंपनीच्या या कोठाराकडे जाणारा एक खासगी रस्ता होता. कोठारापर्यंत गाडी न्यावी लागते, म्हणून त्यावरचं बर्फ काढून तो मोकळा ठेवलेला असे. कुणीही गाडी घेऊन सरळ कोठारापर्यंत जाऊ नये म्हणून कंपनीने रस्त्यावर फाटक म्हणून एक लोखंडी पाइप आडवा टाकला होता. जाडी साधारण दोन इंच, गंजलेला, दोन्ही कडांना खांबांवर टेकवलेला. अशा पाइपात गैर काहीच नाही. स्फोटकांच्या कोठाराचा रस्ता बंद ठेवणं ही कंपनीची जबाबदारीच होती.

एका हिवाळी रात्री हौशी स्वारांपैकी एक जण स्नोमोबाइलवरून या रस्त्यावर आला. पुढचा रस्ता मोकळा, दाबलेल्या बर्फाचा, सरळ. अंधारात, हेडलाइटच्या उजेडात, जमिनीपासून काही फुटांवर आडवी गेलेली ती बारीक गंजकी रेघ त्याला दिसली नाही. वाहन पाइपाखालून पुढे सरकलं, स्वार मात्र पाइपावर आदळला आणि गंभीर जखमी झाला. त्याने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये या दाव्याचा निकाल दिला आणि खासगी जमिनीवर हौसेखातर वाहन चालवणाऱ्यांच्या बाबतीत जमीनमालकाची जबाबदारी किती, या प्रश्नावर हा निकाल आजही वाचला जातो. स्वार खासगी माणूस होता, म्हणून त्याला इथे वादी म्हणतो.

हे परदेशी प्रकरण मराठीत मांडण्याचं कारण सांगतो. मावळ, मुळशी, भोर, वाई या पट्ट्यात आता शनिवार-रविवारी जीप आणि मोटारसायकली घेऊन लोक माळावर, ओढ्यात, डोंगराच्या कडेला चढतात. ज्यांच्या जमिनीवरून ते जातात ते मालक दोन टोकाचे सल्ले ऐकून असतात. एक जण म्हणतो, ‘जागा तुमची, विनापरवाना आला तर त्याचं तो बघेल.’ दुसरा म्हणतो, ‘कुणी मेलं तर आधी तुम्हालाच उचलतील, चर खणून रस्ता बंद करा.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा जीवघेणा आहे.

आता दाव्याकडे. त्या काळी इंग्लंडमधून आलेला कायदा जमिनीवर येणाऱ्या माणसाचे तीन वर्ग करत असे. पहिला निमंत्रित, म्हणजे मालकाच्याही कामासाठी आलेला : दुकानातलं गिऱ्हाईक, पाहुणचाराच्या जागी उतरलेला पैसे देणारा माणूस. त्याच्यासाठी मालकाने जागा नीट ठेवायची. दुसरा परवानगीधारक, म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी पण मालकाच्या मर्जीने आलेला. त्याच्यासाठी जागा सुधारायची गरज नाही, पण जो धोका मालकाला ठाऊक आहे आणि येणाऱ्याला दिसणार नाही, त्याची सूचना द्यायची. तिसरा अतिक्रमी, न विचारता घुसलेला. १९२९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, स्कॉटलंडमधल्या एका कोळसा कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की अतिक्रमीच्या बाबतीत मालकाने फक्त मुद्दाम इजा करू नये आणि तो समोर दिसत असताना त्याच्या जिवाची बेपर्वाई करू नये, बाकी काही बंधन नाही. त्या खटल्यात मेलेला अतिक्रमी लहान मूल होतं.

म्हणजे निकाल वर्गावर ठरायचा. वादी अतिक्रमी ठरला तर दावा जवळजवळ संपला. परवानगीधारक ठरला तर पाइप ‘लपलेला धोका’ होता का, हा प्रश्न उरतो.

खटला ज्यूरीपुढे चालला. ज्यूरीने ठरवलं की वादीला त्या रस्त्यावर यायची गर्भित परवानगी होती, पाइप हा लपलेला धोका होता आणि कंपनीला त्याची कल्पना होती. निकाल वादीच्या बाजूने लागला. ओंटारिओच्या अपील न्यायालयाने तो फिरवला आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि पाच विरुद्ध चार मतांनी ज्यूरीचा निकाल पुन्हा कायम झाला. बहुमताचं निकालपत्र ब्रायन डिक्सन यांनी लिहिलं. पुढे १९८४ मध्ये ते कॅनडाचे सरन्यायाधीश झाले.

गर्भित परवानगी हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तिथे जरा थांबू. कंपनीने कुणालाही ‘या, आमच्या रस्त्यावर स्नोमोबाइल चालवा’ असं म्हटलं नव्हतं. पण त्या भागात स्नोमोबाइल सर्रास चालत होत्या, कंपनीच्या विस्तीर्ण जमिनीवरही चालत होत्या आणि कंपनी त्यांना हटकत नव्हती. डिक्सन यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : लोक येतात हे मालकाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवं, थांबवण्याचे साधे मार्ग हाताशी आहेत आणि तरीही तो काही करत नाही, तर एका टप्प्यानंतर त्या गप्प बसण्याचा अर्थ परवानगी असाच होतो. तो टप्पा कुठला, हे त्या त्या गावच्या वस्तुस्थितीवरून ठरवायचं आणि वस्तुस्थिती ठरवणं हे ज्यूरीचं काम. ज्यूरीपुढे पुरावा होता, तिने ठरवलं, वरच्या न्यायालयाने त्यात उगाच हात घालू नये.

अल्पमताचं निकालपत्र न्यायमूर्ती मार्टलँड यांचं होतं आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. त्यांचं म्हणणं, सहन करणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलभर कुठेतरी स्नोमोबाइल फिरतात हे कंपनीला माहीत असेल, पण या एका रस्त्यावर, स्फोटकांच्या कोठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोक येतात हे तिला ठाऊक होतं याला पुरावा काय? आणि ज्या रस्त्यावर मालकाने पाइप आडवा टाकला आहे, तिथे त्याची परवानगी होती असं म्हणायचं तरी कसं?

जमीनमालकांची बाजू जवळून पाहिलेल्या कुणालाही हा शेवटचा प्रश्न पटेल. तरी मला बहुमत बरोबर वाटतं. पाइप होता, पण तो आत होता. जिथून माणूस खासगी रस्त्यावर वळतो तिथे त्याला काहीच सांगितलं जात नव्हतं. अडथळा बंदीची खूण ठरायची तर तो आधी दिसायला हवा. न दिसणारा अडथळा बंदी सांगत नाही, तो फक्त इजा करतो. कंपनीचा हेतू चांगला होता, पण रात्रीच्या वेळी तो पाइप काय करणार याचा विचार कुणी केला नव्हता.

डिक्सन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी लिहिलं की वादीला अतिक्रमी मानलं तरी कंपनी सुटत नाही. त्यासाठी त्यांनी आधार घेतला १९७२ च्या हेरिंग्टन निकालाचा. लंडनजवळ मिचम इथे रेल्वेच्या कुंपणाची जाळी लोकांनी तुडवून तुडवून खाली केली होती आणि पलीकडे जायची पायवाट झाली होती. मुलं रुळांवर दिसतात हे रेल्वेला कळवलंही गेलं होतं. तिथून सहा वर्षांचा एक मुलगा आत गेला आणि विजेच्या रुळाला चिकटून भाजला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९२९ चा कठोर नियम बाजूला ठेवला आणि म्हटलं की अतिक्रमीच्या बाबतीतही मालकावर साध्या माणुसकीचं कर्तव्य असतं. कुणीतरी येण्याची दाट शक्यता आहे, धोका जबर आहे, तो कमी करायला खर्च आणि कष्ट फारसे नाहीत, हे सगळं ठाऊक असून मालक स्वस्थ बसला तर तो जबाबदार. या कर्तव्याची पातळी मालकाच्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त होते, हेही त्या निकालात आहे. मोठी कंपनी आणि कोरडवाहू शेतकरी यांच्याकडून सारखीच अपेक्षा नाही.

हे मोजमाप पाइपाला लावून पाहा. गर्दीच्या मोसमात रात्री कुणीतरी स्नोमोबाइलवर येईल ही शक्यता खरी होती. छातीच्या किंवा डोक्याच्या पातळीवर आडवा लोखंडी पाइप म्हणजे जिवाशी गाठ. आणि उपाय काय? पाइपाला पांढरा-तांबडा रंग, दोन-चार परावर्तक आणि रस्त्याच्या तोंडाशी एक पाटी. एवढ्या खर्चासाठी खाण कंपनीला संचालक मंडळाची बैठक बोलवावी लागली नसती.

निकालानंतर काय झालं हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि मला तो निकालाइतकाच मोलाचा वाटतो. अशा निकालांनी जमीनमालक धास्तावणं साहजिक असतं. न हटकणं म्हणजे परवानगी आणि परवानगी म्हणजे जबाबदारी, असं समीकरण झालं तर जो भला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या रानातून जाऊ देतो तोच अडकतो आणि जो बंदूक घेऊन उभा राहतो तो सुटतो. ओंटारिओच्या विधिमंडळाने १९८० मध्ये यावर कायदा केला. तीन वर्ग काढून टाकले. जागेचा ताबा असलेल्याने येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची, हा एकच सर्वसाधारण नियम ठेवला. पण ग्रामीण भागातल्या शेतजमिनी, कुरणं, फळबागा, पडीक आणि अविकसित जमिनी, जंगल, तसंच खासगी रस्ते आणि करमणुकीच्या वाटा यांच्यासाठी वेगळी तरतूद केली. अशा जागी जो हौसेखातर, कसलीही फी न देता, मुक्कामाची सोय न घेता येतो, त्याने सगळे धोके स्वखुशीने पत्करले असं कायद्याने गृहीत धरायचं. त्याच्यासाठी मालकाने फक्त दोन गोष्टी करायच्या नाहीत : इजा व्हावी म्हणून मुद्दाम धोका तयार करायचा नाही आणि तो तिथे आहे याची बेपर्वाई करायची नाही.

या तरतुदीत खासगी रस्त्याला एक अट आहे, जी वाचताना केर-अ‍ॅडिसनचा पाइप आठवतोच : रस्ता खासगी आहे अशी वाजवी पाटी लावलेली असली पाहिजे. पाटी असेल तर मालकाचं ओझं हलकं. नसेल तर रस्ता या वर्गात बसत नाही आणि मालकाला ‘आजूबाजूला जंगल होतं’ असा दुसरा आधार शोधावा लागतो. त्याच वर्षीच्या अतिक्रमणविषयक कायद्याने खुणाही सोप्या केल्या. झाडावर किंवा खांबावर तांबडा पट्टा म्हणजे प्रवेश बंद. पिवळा म्हणजे ठरावीक कामांसाठीच प्रवेश. दहा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मावेल एवढी खूण पुरते. शंभर एकरांच्या मालकालाही ब्रश आणि डबा घेऊन ते जमतं.

तोच अपघात १९८० नंतर झाला असता तर? माझ्या मते कंपनीची बाजू बरीच भक्कम झाली असती. पाइप इजा करण्यासाठी टाकलेला नव्हता, म्हणून पहिली गोष्ट बाद. दुसरी, बेपर्वाई, ही साध्या हयगयीपेक्षा बरीच वरची पायरी आहे. ज्यातून समोरच्याला इजा होण्याची शक्यता दिसते ते करून वर ‘होईना का’ अशी वृत्ती ठेवणं, असा तिचा अर्थ ओंटारिओच्या न्यायालयांनी लावला आहे. त्या ठरावीक रस्त्यावर स्वार येतात हे कंपनीच्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं असं सिद्ध झालं असतं तरच वादीला आशा. म्हणजे मार्टलँड यांचा प्रश्नच नव्या कायद्यात महत्त्वाचा ठरला असता.

अमेरिकेत हाच सौदा आधीपासून आहे. मिशिगनने १९५३ मध्ये असा कायदा केला, १९६५ मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला आणि आज पन्नासही राज्यांत त्याची कुठली ना कुठली आवृत्ती लागू आहे. मोबदला न घेता लोकांना जमिनीवर येऊ द्या, आम्ही तुम्हाला संरक्षण देतो. मिशिगनच्या कलमात शिकार, मासेमारी, पदभ्रमण यांच्या जोडीला मोटारसायकल आणि स्नोमोबाइल स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि मालक अडकतो तो फक्त घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन असेल तरच. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे घराच्या आवारात एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी उघडी चारचाकी, चालवताना झालेल्या दुखापतीचं प्रकरण आलं. हा कायदा फक्त मोठ्या, मोकळ्या रानांसाठी आहे, हे आधीचं मत न्यायालयाने बाजूला सारलं आणि कापलेल्या गवताच्या अंगणालाही तो लावला. मला तो निकाल फार ताणलेला वाटतो. परसदारी मित्राला गाडी चालवायला देणं आणि रान खुलं ठेवणं यांत फरक आहे.

आता आपल्याकडे. भारतात ओंटारिओसारखा जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा वेगळा कायदा नाही आणि करमणुकीसाठी जमीन खुली ठेवणाऱ्याला संरक्षण देणाराही नाही. पण म्हणून मैदान मोकळं आहे असं नव्हे. तीन जुने धागे आहेत आणि ते या प्रकरणाशी थेट जुळतात.

पहिला धागा फौजदारी आहे. बिहारमध्ये एका घरमालकाच्या शौचालयाचा वापर शेजारची बाई करू लागली, कारण तिच्या घरच्या शौचालयाची भिंत पडली होती. मालकाला ते खपेना. त्याने वाटेत उघडी, वीज सोडलेली तार बसवली. बाईचा हात लागला आणि ती मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्याची शिक्षा कायम केली. ‘ती अतिक्रमी होती, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण करत होतो,’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. अतिक्रमीला स्वतःच्या हातांनी इजा करायचा हक्क मालकाला नाही, तसाच जमिनीवर असं काही करून ठेवायचाही नाही ज्याने गंभीर इजा होणार हे त्याला कळायलाच हवं. तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि हयगयीने मृत्यू ओढवल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या विजेच्या तारेने माणसं मरतात, तेव्हा मी हाच निकाल दाखवतो. मोटारसायकलवाल्यांना ‘धडा शिकवायला’ दोन झाडांच्या मध्ये गळ्याच्या उंचीवर बांधलेली तार याच जातीची. तिला मी अडथळा म्हणणार नाही, तो सापळा आहे.

दुसरा धागा दिवाणी आहे आणि तो चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही : १८८२ चा सुविधाधिकार कायदा. आपण त्याच्याकडे वहिवाटीच्या भांडणांपुरतं बघतो. पण त्याच्या शेवटच्या प्रकरणात दुसऱ्याच्या जमिनीवरच्या परवानगीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. कलम ५४ म्हणतं, परवानगी स्पष्ट शब्दांत असू शकते किंवा देणाऱ्याच्या वागण्यावरून गर्भित असू शकते. म्हणजे कॅनडात पाच विरुद्ध चार मतांनी ज्यावर भांडण झालं ते तत्त्व आपल्या कायद्यात छापील आहे. कलम ५७ म्हणतं, मालकाला ठाऊक असलेला आणि येणाऱ्याला ठाऊक नसलेला धोकादायक दोष मालकाने सांगायचा. कलम ५८ म्हणतं, परवानगी दिलेली जागा धोकादायक होईल असं काही मालकाने करायचं नाही. व्हर्जिनियाटाउनचा पाइप ५७ मध्ये बसतो आणि गेली दोन वर्षं लोक ज्या वाटेने जातात तिथे काल रात्री न सांगता खणलेला चर ५८ मध्ये बसतो.

परवानगी काढूनही घेता येते आणि तीही वागण्यातून. पण समोरच्याला कळेल अशी. रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावा, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, जीपवाल्यांचे गट माहीत असतील तर त्यांना निरोप द्या. आणि त्याआधी एक गोष्ट तपासा : तो रस्ता खरोखर फक्त तुमचा आहे का? शेजारच्या शेतकऱ्यांची वहिवाट असेल तर साखळी लावण्याआधीच तुम्ही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांपुढे उभे राहाल. रविवारच्या पाहुण्यांना अडवायला गेलेल्या मालकाने बैलगाडीची वाट अडवून गावाचं वैर ओढवून घ्यायला नको.

अडवायचंच असेल तर ते दिसेल असं अडवा. बारीक तार, काळी साखळी, नायलॉनचा दोर नको. रुंद फळी किंवा पत्रा असलेलं फाटक, त्यावर पांढरा-तांबडा रंग, दोन्ही बाजूंनी परावर्तक, फाटकाच्या बरंच अलीकडे ‘पुढे रस्ता बंद’ ही पाटी. मराठीत आणि इंग्रजीत, कारण येणारे कुठूनही येतात. जुनी बिनकठड्याची विहीर, खाणीचा खड्डा, पावसाने तुटलेला बांध यांच्याकडे खूण हवी. फाटक लावलं त्या दिवशी दिवसा आणि रात्री दुचाकीच्या उजेडात फोटो काढून ठेवा. पुढे कधी वाद झाला तर साक्षीपेक्षा ते फोटो जास्त बोलतात.

तिसरा धागा विम्याचा. मोटार वाहन कायद्याखालचा सक्तीचा विमा सार्वजनिक जागेवरच्या वापरापुरता आहे. मग खासगी माळावर झालेल्या अपघातात विमा कंपनी सुटते का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ मध्ये याचं उत्तर दिलं. ज्या जागेवर लोकांना जाता येतं, मग ते मुक्तपणे असो की कसल्या ना कसल्या नियंत्रणाखाली, ती जागा खासगी मालकीची असली तरी या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक. तिकीट लावून चालवलेला ट्रॅक यात सहज बसेल, दर रविवारी लोक येतात तो माळही बसू शकतो. पण यातून मिळतं ते वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण. तुमच्या फाटकामुळे किंवा तुमच्या विहिरीमुळे तुमच्यावर येणारी जबाबदारी त्या पॉलिसीत नसते. त्यासाठी जागेचा वेगळा दायित्व विमा घ्यावा लागतो. काही एजंट इथे १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याचं नाव घेतात. तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, त्याचा इथे उपयोग नाही.

फी घेतली की चित्र पूर्ण बदलतं. ओंटारिओ आणि मिशिगनमध्ये मालकाचं संरक्षण तिथेच संपतं. आपल्याकडे पैसे देणारा ग्राहक होतो आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या उणिवेची तक्रार करू शकतो. साहसी पर्यटन चालवणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. ‘जागा फक्त भाड्याने दिली, कार्यक्रम त्यांचा होता,’ असं म्हणणाऱ्या मालकाने करार लेखी करावा. कोणता भाग वापरायचा, विहीर आणि कडा कुठे आहेत, रुग्णवाहिका कोण ठेवणार, विमा कुणाच्या नावाने, हे सगळं त्यात यावं. हेल्मेट आणि दोरखंडांची यादी आयोजकाने करायची, पण जमिनीतले धोके सांगायचं काम मालकाचंच, कारण ते त्यालाच ठाऊक असतात.

सह्या घेतलेल्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ फॉर्मवर फार विसंबू नका. सही करणारा त्या खेळातला नेहमीचा धोका पत्करतो : गाडी उलटणं, चिखलात रुतणं, हात मोडणं. आयोजकाची किंवा मालकाची हयगय त्याने पत्करली असा अर्थ न्यायालय सहसा काढत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहीला तर करार कायद्यात किंमतच नाही. १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निकाल तसा आहे. मुलाला माळावर एटीव्ही द्यायची असेल तर पालकांना समोर बसवून धोके सांगा, त्यांची लेखी संमती घ्या. त्या संमतीनेही मुलाचा स्वतःचा दावा संपतो असं समजू नका. शिवाय ती जागा मुंबई उच्च न्यायालयाच्या वरच्या व्याख्येत सार्वजनिक ठरली तर मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९९-अ पुढे येतं. त्यात अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो आणि तीन वर्षांपर्यंतची कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे. अनेक ठिकाणी वाहनमालक म्हणजे जमीनमालकच असतो.